जहाजावर तेरा महिने, पत्राच्या उत्तराला काही वर्षं : फ्रान्सिस झेवियर प्रवासात प्रार्थना कशी करायचे?

२१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. या दीड महिन्यात जुन्या गोव्यात लांबच लांब रांगा लागल्या होत्या. दर दहा वर्षांनी होणारा शवप्रदर्शन सोहळा होता तो. बॉम जेझुस बॅसिलिकातून फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष समोरच्या से कॅथेड्रलमध्ये आणले गेले आणि देश-विदेशातून माणसं दर्शनाला आली. त्यात फक्त ख्रिस्ती नव्हते. गोव्यात त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतात आणि सायबाकडे नवस बोलायला धर्माचा दाखला लागत नाही.

आपल्याकडे झेवियर यांच्याबद्दल बोललं जातं ते बहुतेक दोनच विषयांवर. एक, त्यांचा देह इतकी शतकं कसा टिकला. दोन, त्यांच्या नावाची शाळा-कॉलेजं. पण हा माणूस हयात असताना करत काय होता, असं विचारलं तर सर्वात खरं उत्तर असं येईल : प्रवास. १५४० मध्ये रोम सोडलं आणि १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर प्राण सोडला. मधली बारा वर्षं जहाज, बंदर, पुन्हा जहाज.

त्यांच्या पत्रांमुळे या प्रवासाबद्दल आज आपल्याला बरंच कळतं. वादळात त्यांनी कोणाची नावं घेतली, कशाची भीती वाटली, कुठे आनंद झाला, कुठे वैतागून सगळं सोडून जावंसं वाटलं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यातून एका माणसाची प्रार्थना दिसते. आणि त्या प्रार्थनेची एक अशी बाजूही दिसते, जी गोव्यात आजही वादाचा विषय आहे.

मुळात ते जाणारच नव्हते

झेवियर यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ चा, नवार प्रांतातला. आजच्या हिशोबाने उत्तर स्पेन. घर किल्ल्यात राहणारं, घराणं मोठं. १५२५ मध्ये ते पॅरिसला शिकायला गेले आणि तिथे त्यांना दोन रूममेट मिळाले. एक पीटर फेबर आणि दुसरा वयाने बराच मोठा, लढाईत पाय जायबंदी झालेला इग्नेशियस लोयोला. झेवियर यांना प्राध्यापक व्हायचं होतं, नाव कमवायचं होतं. इग्नेशियस यांना त्यांचं मन वळवायला काही वर्षं लागली.

१५ ऑगस्ट १५३४ ला पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर या मित्रमंडळीने गरिबीत राहण्याचं आणि ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं. यातूनच पुढे येशूसंघ उभा राहिला. जेझुइट म्हणतात ते हेच. २७ सप्टेंबर १५४० ला पोपने संघाला अधिकृत मान्यता दिली.

पोर्तुगालच्या राजाला भारतात पाठवायला धर्मगुरू हवे होते. त्यासाठी निवड झाली होती निकोलस बोबादिला यांची. ते ऐन वेळी आजारी पडले. बदली म्हणून झेवियर यांचं नाव आलं आणि मार्च १५४० मध्ये ते रोमहून लिस्बनकडे निघाले. इग्नेशियस आणि त्यांची पुन्हा भेट झाली नाही.

शांत जागा नसेल तर ध्यान कसं करायचं?

जेझुइटांची गोष्ट कळायला त्यांची प्रार्थनेची पद्धत थोडी समजून घ्यावी लागेल. तोपर्यंतचे बरेचसे ख्रिस्ती साधू मठात राहायचे. मठाला घंटा असते, वेळापत्रक असतं. दिवसातून ठरलेल्या वेळी सगळे एकत्र जमून स्तोत्रं म्हणतात. इग्नेशियस यांनी आपल्या संघाला हे बंधन ठेवलं नाही. त्यांची माणसं सतत फिरतीवर असणार होती. मग मठ बरोबर कसा न्यायचा?

त्यांनी काढलेला मार्ग म्हणजे 'आध्यात्मिक साधना'. हे पुस्तक छापून आलं १५४८ मध्ये, पण मित्रांकडून ती साधना ते आधीपासून करून घेत होते. झेवियर यांनी ती १५३४ मध्ये पॅरिसमध्ये केली. साधारण तीस दिवस एकांतात राहून येशूच्या आयुष्यातला एकेक प्रसंग डोळ्यांसमोर उभा करायचा. रस्ता कसा असेल, घर केवढं असेल, कोण काय बोललं असेल. आणि मग त्या प्रसंगात स्वतःला उभं करून बघायचं.

दुसरी गोष्ट रोजची. दिवसभराचा हिशोब मनाशी मांडायचा. मिळालं त्याबद्दल आभार, मग नीट दिसावं म्हणून देवाकडे मागणं, मग एकेक तास आठवत कुठे चुकलो ते शोधणं, क्षमा मागणं आणि उद्याचा निश्चय. याला ना देऊळ लागतं ना मेणबत्ती. हलत्या जहाजावर, अंधारात, आडवं पडूनही हे करता येतं.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची, कारण झेवियर यांचे बरेच मोठे निर्णय तिच्यावर उभे आहेत. इग्नेशियस यांचं म्हणणं होतं की माणसाच्या मनात दोन प्रकारच्या हालचाली होत असतात. एकीत देवाजवळ गेल्यासारखं वाटतं, धीर येतो. तिला ते सांत्वन म्हणायचे. दुसरीत सगळं कोरडं, अंधारलेलं वाटतं. निर्णय घेताना या हालचाली नीट न्याहाळायच्या. आणि मन अंधारलेलं असेल तेव्हा आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. 'सांत्वन' हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

लिस्बन ते गोवा : पहिली परीक्षा

७ एप्रिल १५४१. झेवियर यांचा पस्तिसावा वाढदिवस. त्या दिवशी पाच जहाजांचा तांडा लिस्बनहून निघाला. 'सांतियागो' जहाजावर नवे गव्हर्नर मार्तिम अफोन्सो द सोझा होते आणि झेवियरही. राजाकडून काय हवं ते मागा असं सांगितल्यावर त्यांनी थोडी पुस्तकं आणि वाटेतल्या थंडीसाठी एक जाड लोकरी झगा घेतला. चरित्रकार सांगतात की सोबत नोकर घ्या, तुमच्या पदाला शोभणार नाही, असा आग्रह झाला तेव्हा त्यांनी नकार दिला. आपले कपडे आपण धुवायला आणि आपलं भांडं आपण चढवायला त्यांना लाज वाटत नव्हती.

लिस्बनहून भारताला यायला एरवी सहाएक महिने लागायचे. पण सगळा खेळ मोसमी वाऱ्याचा. वारा चुकला की आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पुढच्या मोसमाची वाट बघत बसायचं. यांचा वारा चुकला. प्रवास लांबला तेरा महिन्यांवर.

पहिले दोन महिने झेवियर यांना समुद्र लागला होता. गिनीच्या किनाऱ्याजवळ वारा पडला आणि चाळीस दिवस सगळ्या जहाजाचे हाल झाले, असं ते लिहितात. पिण्याचं पाणी खराब, अन्न नासलेलं, उकाडा आणि शेकडो माणसं एकमेकांना खेटून. ध्यानासाठी यापेक्षा वाईट जागा शोधूनही सापडणार नाही.

मग ते करायचे काय? दर रविवारी प्रवचन. आजाऱ्यांची सेवा. मरणाऱ्यांचे पापनिवेदन ऐकणं. जुगार खेळणाऱ्या सैनिकांना न झापता त्यांच्याशेजारी जाऊन बसायचे, अशाही गोष्टी चरित्रांमध्ये आहेत. मोझांबिकला जहाजं थांबली त्या महिन्यांत अनेक जण दगावले. झेवियर तिथल्या आजाऱ्यांसोबतच राहिले आणि शेवटी स्वतःही आजारी पडले. १ जानेवारी १५४२ ला तिथून रोमला लिहिलेल्या पत्रात या सगळ्याची तक्रार नाही. असले कष्ट माणूस पैशासाठी किंवा जगातल्या कशासाठीही एक दिवससुद्धा सोसणार नाही, अशा अर्थाचं काहीतरी ते लिहून जातात, बस.

सोकोत्रा बेटावरचे न कळणारे शब्द

मोझांबिकहून पुढे येताना जहाज सोकोत्रा बेटावर थांबलं. अरबी समुद्राच्या तोंडाशी असलेलं, आज येमेनमध्ये असलेलं हे बेट. तिथे झेवियर यांना जुने ख्रिस्ती लोक भेटले. स्वतःला संत थॉमसचे वारस म्हणवणारे.

हे लोक दिवसातून चार वेळा प्रार्थनेला जमायचे. घंटा नव्हत्या, त्याऐवजी लाकडी फळ्या एकमेकींवर वाजवायचे. प्रार्थना सगळ्या पाठ. पण ज्या भाषेत म्हणायचे ती भाषा त्यांच्या पुरोहितांनाही येत नव्हती. ती खाल्डियन असावी, असा झेवियर यांचा अंदाज होता. म्हणजे सुरियानी परंपरेतली. शब्द उरले होते, अर्थ कधीच वाहून गेला होता.

झेवियर यांना तिथे राहायचं होतं. तुर्कांचे हल्ले होतात, तुम्हाला पकडून नेतील, म्हणून गव्हर्नरने परवानगी दिली नाही. ६ मे १५४२ ला ते गोव्यात उतरले.

गंमत म्हणजे, काही महिन्यांतच ते स्वतः अशाच अडचणीत सापडले. गोव्यात हॉस्पिटलमध्ये मुक्काम, रस्त्यावरून हातात घंटा घेऊन मुलांना आणि गुलामांना शिकवणीला बोलावणं, हे सुरू असतानाच त्यांना दक्षिणेला पाठवलं गेलं. कन्याकुमारीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या परवर लोकांमध्ये. ते आधीच ख्रिस्ती झाले होते, पण त्यांना शिकवणारं कोणी नव्हतं. आणि झेवियर यांना तमिळचा एक शब्द येत नव्हता.

दोन्ही भाषा थोड्याथोड्या येणारी माणसं गोळा करून त्यांनी प्रार्थना तमिळमध्ये उतरवून घेतल्या आणि घोकून पाठ केल्या. मग गावोगाव फिरून, घंटा वाजवून, लोकांकडून म्हणून घ्यायच्या. चुका तर होणारच. 'माझा विश्वास आहे' म्हणण्याच्या जागी जो शब्द बसवला होता त्याचा अर्थ निघत होता 'मला हवं आहे'. 'वेणुम्'. तमिळ मित्र असेल तर विचारून बघा. १५४४ मध्ये झेवियर यांनी आपला सहकारी फ्रान्सिस्को मान्सिल्यास याला पत्र लिहून तो शब्द दुरुस्त करायला सांगितलं. म्हणजे तोपर्यंत किनाऱ्यावरची गावं भक्तिभावाने 'मला हवं आहे' म्हणत होती. देवाला ते कसं ऐकू गेलं असेल कोण जाणे, पण माणसाच्या प्रार्थनेचं हे काही फार चुकीचं भाषांतर नाही.

मान्सिल्यासला लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचल्या की संताच्या मूर्तीमागचा माणूस दिसतो. उन्हातान्हात पायपीट, वर पोर्तुगीज अधिकाऱ्यांची लूट. एका पत्रात ते म्हणतात की जगण्याचाच कंटाळा आलाय. प्रेस्टर जॉनच्या मुलखात, म्हणजे इथिओपियात, निघून जावं, निदान तिथे त्रास द्यायला पोर्तुगीज नसतील. दुसऱ्या एका पत्रात ते उपरोधाने लिहितात की इथे लोक 'लुटणे' हे एकच क्रियापद सगळ्या काळांत आणि अर्थांत चालवायला शिकतात.

चार महिने थांबलेला प्रवासी

१५४५ मध्ये मात्र हा सतत पळणारा माणूस थांबला. जागा होती मैलापूर, आजच्या चेन्नईत. परंपरा सांगते की संत थॉमस यांची कबर इथे आहे. एप्रिल ते ऑगस्ट असे साधारण चार महिने झेवियर तिथे राहिले.

प्रश्न असा होता : पुढे जायचं की नाही? पूर्वेकडे, मलाक्काच्या पलीकडे, मकासार बेटावर लोक धर्मगुरू मागताहेत, अशा बातम्या येत होत्या. इथली कामं अर्धवट होती. विचारायला वरिष्ठ कोणी नाही. रोमला विचारायचं तर पत्र जायला आणि उत्तर यायला तीन-तीन वर्षं उलटायची. आज मेसेजवर दोन निळ्या टिका दिसूनही उत्तर आलं नाही तर आपण अस्वस्थ होतो. त्या काळी जगण्याचा प्रश्न असला तरी निर्णय आपला आपणच घ्यायचा.

म्हणून त्यांनी इग्नेशियस यांनी शिकवलेलं हत्यार काढलं. रात्रीरात्री कबरीजवळ प्रार्थना आणि मनातल्या हालचालींवर नजर. ८ मे १५४५ च्या पत्रात निकाल आहे. आतून मोठं सांत्वन मिळालंय आणि देवाची इच्छा जाण्याचीच आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. इतकी, की पोर्तुगीज जहाज नसेल तर मुसलमानांच्या किंवा कोणाच्याही जहाजाने जाईन, आणि या किनाऱ्यावरून नुसतं एक कट्टुमरम निघणार असेल तर त्यावरूनही जाईन, असं ते लिहितात. कट्टुमरम म्हणजे कोळ्यांचा ओंडके बांधून केलेला तराफा. त्यावरून बंगालचा उपसागर!

ते मकासारला कधी पोचलेच नाहीत, हा यातला उपरोध. मलाक्कात वेगळ्याच बातम्या मिळाल्या आणि ते मोलुक्का बेटांकडे वळले. खात्री पक्की होती, पत्ता चुकला.

गळ्यात नावं आणि हातात दुसरं पत्र

१५४६ च्या सुरुवातीला ते अंबोन बेटावर होते. आजच्या इंडोनेशियात. तिथून पुढे मोरो बेटांवर जायचं ठरवलं तेव्हा मित्रांनी हरप्रकारे अडवलं. तिथले लोक अन्नात विष घालतात, अशी भीती होती. झेवियर जातच आहेत म्हटल्यावर मित्रांनी विषावरचे उतारे आणून दिले. त्यांनी ते साभार परत केले.

१० मे १५४६ ला अंबोनहून त्यांनी युरोपातल्या मित्रांना लिहिलेलं पत्र त्यांच्या सगळ्या पत्रांमधलं बहुधा सर्वात जवळचं वाटणारं आहे. जो आपला जीव वाचवू पाहील तो गमावेल, हे येशूचं वचन त्यांनी पॅरिसमध्ये लॅटिनमधून कितीदा तरी वाचलं असेल. आता ते लिहितात की हे लॅटिन समजायला सोपं आहे, पण जीव द्यायची वेळ खरोखर समोर येते तेव्हा तेच सोपं लॅटिन एकदम अंधुक होऊन जातं. मोठ्या पंडितालासुद्धा ते कळेनासं होतं.

याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे. मित्रांच्या आलेल्या पत्रांतून त्यांनी प्रत्येकाची स्वतःच्या हाताने लिहिलेली सही कापून घेतली होती आणि आपल्या व्रताच्या कागदासोबत ती सतत अंगावर बाळगली होती. संघातले सोबती हजारो मैलांवर. त्यांच्यासोबत प्रार्थनेला बसायचं तर हाच एक मार्ग.

आता तारीख बघा. या पत्रानंतर सहा दिवसांनी, १६ मे १५४६ ला, त्याच अंबोनहून झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहिलं. त्यात त्यांनी भारतातल्या पोर्तुगीज वसाहतींसाठी इन्क्विझिशन मागितलं. इथले कित्येक जण नावाला ख्रिस्ती असून ज्यू किंवा इस्लामी रीतीने राहतात, ही त्यांची तक्रार होती.

गोव्यात इन्क्विझिशन प्रत्यक्ष सुरू झालं १५६० मध्ये, झेवियर यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. मधला थोडा खंड सोडला तर ते १८१२ पर्यंत चाललं. ते झेवियर यांनी चालवलं नाही, हे खरं. त्यांनी ते मागितलं होतं, हेही तितकंच खरं. गोव्यात त्यांच्यावरून वाद पेटला की एक बाजू पहिलं वाक्य म्हणते, दुसरी दुसरं. दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल आहेत.

आणि आता तो शब्द. २७ जानेवारी १५४५ ला कोचीहून लिहिलेल्या पत्रात ते सांगतात की बाप्तिस्मा झाल्यावर लोकांना ते आपापल्या जुन्या देवांची घरं पाडायला आणि मूर्ती फोडायला सांगत. ज्यांनी कालपर्यंत त्या पुजल्या त्यांच्याच हातून त्या फुटताना बघून आपल्याला जे सांत्वन मिळतं ते सांगून संपणार नाही, असं ते लिहितात. सांत्वन. मैलापूरच्या कबरीजवळ ज्याला त्यांनी देवाचा कौल मानलं, तेच.

हा माणूस प्रार्थना करताना एक आणि मूर्ती फोडायला लावताना दुसरा, अशी सोयीची विभागणी करायला त्यांची पत्रं वावच देत नाहीत. मनात उठणारा आनंद कुठून येतो ते तपासा, हे इग्नेशियस यांनी शिकवलं होतं. झेवियर यांनी तो तपासला आणि तो देवाकडून आला, असंच त्यांना वाटलं. सोळाव्या शतकातल्या युरोपात वाढलेल्या बहुतेक धर्मगुरूंना तसंच वाटलं असतं. ज्यांच्या मूर्ती फुटल्या त्यांचं त्या दिवशी काय झालं, ते लिहिणारं पत्र मात्र त्या गठ्ठ्यात नाही.

वादळात कोणाची नावं घ्यायची?

मोरो बेटांवर ज्वालामुखी आणि भूकंप. २९ सप्टेंबर १५४६ ला, संत मायकलच्या सणाला, झेवियर मिस्सा करत असताना जमीन इतकी हादरली की वेदी कोसळते की काय असं त्यांना वाटलं. तरी या बेटांना त्यांनी नाव दिलं 'देवावरच्या आशेची बेटं'. इथे काही वर्षं राहिलं तर आनंदाश्रूंनी डोळे जातील, असं त्यांचं म्हणणं. सुख-सोय काहीच नसलेल्या जागी त्यांना सर्वात जास्त आनंद मिळाला, हे ते स्वतःच नवल वाटून सांगतात.

परतीच्या प्रवासात, मलाक्काहून भारताकडे येताना, तीन दिवस आणि तीन रात्री वादळ होतं. माल समुद्रात फेकला गेला. लोक जिवंतपणी स्वतःच्या मरणाचा शोक करत होते. जानेवारी १५४८ च्या पत्रात झेवियर यांनी आपण त्या वेळी काय केलं ते क्रमाने लिहिलंय. आधी पृथ्वीवर जिवंत असलेल्या संघातल्या सोबत्यांची मध्यस्थी मागितली. मग वारलेल्यांची, त्यात १५४६ मध्ये गेलेला जुना रूममेट पीटर फेबरही आला. मग देवदूत, संत, मारिया. म्हणजे ओळखीच्या चेहऱ्यांपासून सुरुवात करून वर वर जायचं.

आणि शेवटी मागितलं काय? यातून वाचव, पण पुढे तुझ्या सेवेत याहून मोठं संकट द्यायचं असेल तरच वाचव.

मार्च १५४८ च्या सुमारास गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यांना भेटायला ते वसईलाही आले. त्या किनाऱ्यावर त्यांचं नाव आजही घरोघरी आहे.

एका जहाजावर दोन देव

१५४९ मध्ये ते जपानला निघाले. गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला अंजिरो हा जपानी माणूस सोबत होता. मलाक्काहून जपानला जाणारं पोर्तुगीज जहाज नव्हतं, म्हणून एका चिनी माणसाच्या जंकवर जागा घेतली. या कप्तानाला पोर्तुगीज लोक 'चोर' म्हणूनच ओळखत. २४ जूनला जहाज निघालं.

जहाजावर एक मूर्ती होती. तिच्यापुढे उदबत्त्या, नैवेद्य आणि कौल. वारा टिकेल का, पुढे जायचं की थांबायचं, प्रत्येक गोष्टीला कौल लावला जायचा. झेवियर यांची चिडचिड पत्रात लपत नाही. आपला प्रवास ज्या देवाला ते सैतान मानत होते त्याच्या कौलावर चाललाय, हे त्यांना सहन होत नव्हतं.

मग जुलैमध्ये दोन अपघात झाले. खवळलेल्या समुद्रात त्यांचा चिनी सोबती मानुएल जहाजाच्या तळातल्या पाण्यात पडला. डोक्याला मार लागला, पण वाचला. त्यानंतर कप्तानाची मुलगी समुद्रात पडली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बुडाली. रात्रंदिवस आक्रोश झाला. मूर्तीला विचारलं गेलं, ही का गेली? कौल निघाला : तो मानुएल मेला असता तर ही वाचली असती.

झेवियर आणि सोबत्यांसाठी ही जिवावरची वेळ होती. त्या रात्रीबद्दल ते लिहितात ते भीतीबद्दल. संकटापेक्षा मोठा धोका म्हणजे संकटात देवावरचा विश्वास सुटणं, असं त्यांना तेव्हा कळलं. ५ नोव्हेंबर १५४९ च्या त्या लांबलचक पत्रात या मुद्द्यावर ते पुन्हा पुन्हा येतात, स्वतःलाच समजावत असल्यासारखे.

मूर्तीपुढचा तो कप्तान आणि गळ्यात सह्या बांधलेला धर्मगुरू, दोघंही त्या रात्री एकाच समुद्राकडे बघत होते. झेवियर यांना तसं दिसलं नाही. पण त्यांनी घटना इतकी तपशिलात लिहिलीय की आज वाचणाऱ्याला मुलगी गमावलेला बापही दिसतो.

१५ ऑगस्टला जहाज कागोशिमाला लागलं.

जपानमध्ये त्यांची निंजित्सू या झेन मठाधिपतीशी मैत्री झाली. नंतरच्या जेझुइट इतिहासात एक किस्सा आहे. मठात रांगेने ध्यानाला बसलेले साधू बघून झेवियर यांनी विचारलं, हे काय करताहेत? निंजित्सू म्हणाले, काही जण गेल्या महिन्यात भक्तांकडून किती मिळालं ते मोजताहेत, काही जणांना चांगली वस्त्रं कुठे मिळतील याची चिंता आहे, कामाचा विचार कोणीच करत नाहीये. ध्यानाला बसून बघितलेल्या कोणालाही हे उत्तर पटेल.

भाषेनं इथेही दगा दिला. देवासाठी अंजिरोने सुचवलेला 'दाइनिची' हा शब्द झेवियर जवळपास दोन वर्षं वापरत होते. तो एका बौद्ध पंथातल्या वैरोचन बुद्धाचं नाव निघालं. कळल्यावर त्यांनी तो टाकला आणि सरळ लॅटिन 'देउस' वापरायला सुरुवात केली. अनुवाद चुकण्यापेक्षा अर्थ न कळलेला परका शब्द बरा. सोकोत्राच्या पुरोहितांना हे ऐकून हसू आलं असतं.

१५५० च्या हिवाळ्यात ते बर्फातून पायी क्योतोला गेले, सम्राटाला भेटायला. भेट झाली नाही, अकरा दिवसांत परतले.

चीनच्या दारात

१५५२ च्या ऑगस्टअखेर ते शांगचुआन बेटावर पोचले. समोर चीनची मुख्य भूमी, पण परक्यांना प्रवेश बंद. एका चिनी व्यापाऱ्याने मिरीच्या बदल्यात चोरून कँटनला न्यायचं कबूल केलं होतं. झेवियर वाट बघत राहिले. पोर्तुगीज जहाजं एकेक करून परतली. व्यापारी आला नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांना ताप भरला.

जवळ होता अंतोनियो, गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकलेला चिनी तरुण. खरंतर तो दुभाषा म्हणून सोबत होता, पण गोव्यात इतकी वर्षं काढल्यावर तो मातृभाषा बरीचशी विसरला होता. शेवटच्या दिवसांबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते बरंचसं त्याने सांगितल्यामुळे. तापाच्या ग्लानीत झेवियर मोठमोठ्याने बोलत होते. काही लॅटिन प्रार्थना अंतोनियोला ओळखू आल्या, दया कर, असं येशूला विनवणाऱ्या. बाकीचं बोलणं त्याला कळत नव्हतं. ती लहानपणीची बास्क भाषा असावी, असं चरित्रकारांना वाटतं.

३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे झेवियर गेले. वय ४६. देह बेटावरच चुन्यात पुरला. तो पुढे मलाक्काला आणि मग मार्च १५५४ मध्ये गोव्यात आणला गेला.

ही बातमी रोमला पोचायला वेळ लागला. २८ जून १५५३ ला, झेवियर यांच्या मृत्यूला जवळपास सात महिने होत आले असताना, इग्नेशियस यांनी त्यांना पत्र लिहिलं. त्यात त्यांना युरोपात परत या, असं सांगितलं होतं.